मुसळाला मिळालेला शस्त्राचा दर्जा

एका जंगलात एक नदी होती. नदी खोल होती, तिच्यात मगरी होत्या, आणि तिला उतार एकच होता. उतार म्हणजे जिथं पाणी गुडघाभर असतं आणि चालत पलीकडे जाता येतं ती जागा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण तुम्ही मुलं मध्येच विचारता आणि माझी गोष्ट तुटते.

त्या उताराच्या अगदी तोंडाशी, करंजाच्या झाडाखाली, येसाक्का साळिंदरीण राहायची. बिळात दोघीच. ती आणि तिची सासू कोंडाबाई. येसाक्काच्या नवऱ्याला दोन वर्षांपूर्वी बिबट्यानं खाल्लं होतं. बिबट्याही त्यानंतर फार दिवस जगला नाही. साळिंदर पचायला जड असतं.

एके दिवशी टिटवी ओरडत आली. टिटवी ओरडली की काहीतरी वाईट होतं असं जंगलात सगळे मानत. त्यामुळे वाईट होऊ नये म्हणून सगळ्यांनी आधी टिटवीलाच दटावलं. चार दिवस तिला बोलू दिलं नाही. पाचव्या दिवशी ती एका दमात म्हणाली, "पलीकडच्या रानात मेलेले उठतायत!"

"आजारी बरे होतायत म्हण की," ससा म्हणाला.

"बरे नाही! मेलेले! सडलेले, सुकलेले. उठतात, चालतात, दिसेल त्याला चावतात. ज्याला चावतात तो मरतो आणि मग तोही उठतो!"

येसाक्का बिळाच्या तोंडाशी उभी राहून ऐकत होती. तिनं एकदा उताराकडे पाहिलं, एकदा बिळाकडे पाहिलं आणि आत गेली.

"आत्याबाई, उठा. डोंगरापल्याड माझ्या म्हायेरी जाऊ."

"तुझ्या म्हायेरी? त्यापरीस मेल्यालं बरं."

"मेल्यावर बी चालावंच लागतंय आता."

"मग तवा चालीन. आत्ता गुडघं दुखत्यात."

कोंडाबाई तीन वर्षं बिळाबाहेर पडली नव्हती. येसाक्काला सासू आवडत नव्हती, हे तुम्हाला सरळच सांगतो. सासूलाही सून आवडत नव्हती. पण मधला माणूस गेल्यापासून दोघींना एकमेकींशिवाय भांडायलाही कुणी उरलं नव्हतं, आणि अशी माणसं सुटत नाहीत. सासूला उचलून नेणं शक्य नव्हतं. टाकून जाणं येसाक्काच्या मनात आलं, आणि आलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला. तेव्हा उरलं एकच. मेलेले आले की उतारावर उभं राहायचं आणि हातात काहीतरी घ्यायचं.

तिच्याकडे एक मुसळ होतं. शिसवी, टोकाला लोखंडी कडं असलेलं. त्यानं ती कंद कुटायची. तिनं ते उचलून पाहिलं. हाताला बरं वाटलं.

पण मुलांनो, शहाण्या राज्यात कुणाच्या हाताला काय बरं वाटतं यावर गोष्टी ठरत नसतात.

राजा म्हणजे वाघ. वय झालेलं, दात दोनच उरलेले, पण डरकाळी अजून ऐकण्यासारखी होती. महाराजांनी लगेच 'हातशस्त्र निवड समिती' नेमली. अध्यक्ष स्वतः महाराज. सचिव कोल्हा. आणि तज्ज्ञ म्हणून हुप्पेसर.

हुप्पेसर हे माकड होतं. त्यांनी शहरात एका गच्चीवर सहा महिने काढले होते. समोरच्या घरातला टीव्ही तिथून खिडकीतून दिसायचा. त्यावर मेलेले उठण्याचे सिनेमे लागत. आवाज ऐकू येत नसे, पण सरांचा अभ्यास दांडगा होता.

"याला झोंबी म्हणतात," हुप्पेसर म्हणाले.

नाव कळल्यावर जंगलाला फार बरं वाटलं. आपल्याकडे रोगाचं नाव कळलं की निम्मं औषध झालं असं धरतात.

"झोंबीचं टाळकं फुटलं तरच तो पडतो," सर पुढे म्हणाले. "दुरून दगड मारून भागत नाही. जवळ जाऊन हाणावं लागतं. म्हणून हातशस्त्र. त्याच्या चार कसोट्या. पल्ला, वजन, धार आणि देखभाल."

कोल्ह्यानं हे लिहून घेतलं आणि खाली एक ओळ आपल्या मनानं वाढवली. समितीचा निर्णय होईपर्यंत कुणीही परस्पर शस्त्र वापरू नये. बिगरमान्य शस्त्रानं मारलेला झोंबी मेलेला धरला जाणार नाही.

मग बैठका सुरू झाल्या.

महाराजांना तलवार हवी होती. त्यांनी गुहेत एका राजाचं चित्र लावलं होतं, त्यात तलवार होती. हुप्पेसर म्हणाले, तलवार उत्तम, पण फिरवायला मोकळी जागा हवी, आणि जंगलात झाडं फार. मग झाडं तोडावीत असा ठराव झाला. झाडं तोडायला कुऱ्हाडी आणाव्यात असा दुसरा ठराव झाला. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, कुऱ्हाडी येणारच आहेत तर तलवार कशाला? असं विचारणाऱ्याला पुढच्या बैठकीला बोलावलं नाही.

कुऱ्हाडीवर दोन बैठका झाल्या. अडचण अशी की कुऱ्हाड टाळक्यात रुतून बसते. ती ओढून काढेपर्यंत दुसरा झोंबी थांबेल का?

"थांबायला सांगू की," अस्वल म्हणालं.

कोयत्याचा पल्ला कमी भरला. पहार वजनाला जास्त भरली. काठीला धार नव्हती. गव्यानं घडीचा चाकू मागितला. गव्याची शिंगं दोन हात लांब, त्यानं एकदा खुद्द महाराजांना बाभळीवर फेकलं होतं. पण त्याला चाकूच हवा होता. घडी घालून ठेवता येतो म्हणाला.

तिसऱ्या बैठकीला येसाक्का अर्ज घेऊन गेली.

"माझ्यापाशी मुसळ हाय. चालंल का तेवढं सांगा. माझं घर उताराच्या तोंडावर हाय. ते आले तर पयले माझ्याच दारात येणार. म्हातारी सासू हाय घरात."

कोल्ह्यानं चष्मा वर केला. "मुसळ ही घरगुती वस्तू आहे, अक्का. शस्त्रांच्या यादीत ती नाही."

"मग माझं काटं? काट्यांनी हाणलं तर?"

हुप्पेसर हसले. शिकलेली माणसं हसतात तसं, म्हणजे दात न दाखवता. "अक्का, शास्त्राप्रमाणे ते काटे नाहीतच. ते केस आहेत, जरा जाड झालेले. केसांना शस्त्र म्हटलं तर उद्या अस्वल कंगवा मागेल."

सगळे हसले. अस्वलही हसलं. कोल्ह्यानं इतिवृत्तात नोंद केली : साळिंदराचे काटे हे शस्त्र नाही.

येसाक्का घरी आली आणि सासूवर चिडली. सासूनं कारण विचारलं नाही. त्यांच्यात तशी पद्धत नव्हती.

तुम्ही म्हणाल, एवढ्या वेळात झोंबी कुठं गेले होते? ते पलीकडच्या काठावर उभे होते. पाऊस सुरू झाला होता, नदी दुथडी भरून वाहत होती आणि उतार पाण्याखाली गेला होता. झोंबींना पोहता येत नाही. पावसाळाभर जंगलाला काही झालं नाही आणि त्याचं श्रेय समितीनं घेतलं.

येसाक्का मात्र रोज सकाळी पाणी बघायला जायची. उतारावर एक पांढरा खडक होता. तो उघडा पडला की उतार मोकळा झाला समजायचं. भाद्रपदात खडकाचं टोक दिसलं. ती दर आठवड्याला अर्ज करीत राहिली. एकदा शाई चुकीच्या रंगाची म्हणून अर्ज परत आला. एकदा सासूच्या वयाचा दाखला मागितला. सासू म्हणाली, "मी हाय ह्योच दाखला."

अखेर पितृपक्षात निकाल लागला. जंगलात कुणाला इतक्या चिकाटीनं वागायची सवय नव्हती, त्यामुळे समिती थकली. मुसळाला शस्त्राचा दर्जा मिळाला. पानावर महाराजांच्या पंजाचा ठसा उमटवून मिळाला.

येसाक्काला इतका आनंद झाला की तिनं तो कागद सासूला वाचून दाखवला. "शिसवी मुसळ, लोखंडी कड्यासह, हातशस्त्र वर्ग तीन."

"आन् आधी त्येला काय म्हनत व्हते?"

"मुसळच."

"मग आता?"

"आता बी मुसळच. पन मान्य."

"बरं झालं बाई," कोंडाबाई म्हणाली आणि कूस बदलली.

बाकीच्यांनाही शस्त्रं मिळाली. कडेच्या लाकूडतोड्यांच्या वस्तीतून माकडांनी जे उचलून आणलं ते वाटलं गेलं. सात कोयते, तीन कुऱ्हाडी, एक पहार, गव्याला चाकू. महाराजांना तलवार मिळाली. ती एका नाटक कंपनीची होती आणि पत्र्याची होती, पण हे महाराजांना सांगायची सोय नव्हती.

एवढं झालं आणि नवरात्र आलं.

कोल्ह्याची सूचना घरोघर गेली. यंदा जंगलात प्रथमच सर्व शस्त्रं मान्यताप्राप्त असल्यानं खंडेनवमीची शस्त्रपूजा सामुदायिक होईल. प्रत्येक घरानं आपलं मान्य शस्त्र घासूनपुसून गुहेसमोर जमा करावं. ज्याच्या नावे शस्त्र आहे त्यानं जातीनं हजर राहावं.

येसाक्का म्हणाली, "माझं मुसळ घरच्या घरी पुजते. खडक पुरा उघडा पडलाय."

"तुम्हीच ना दर्जा मागितला होता?" कोल्हा म्हणाला. "हट्ट धरून शस्त्र मान्य करून घ्यायचं आणि पूजेला द्यायचं नाही, याला काय म्हणायचं?"

खंडेनवमीला ती मुसळ खांद्यावर घेऊन गुहेकडे गेली.

पूजा छानच झाली, मुलांनो. पाटांची रांग मांडली होती. पाटांवर शस्त्रं, शस्त्रांना झेंडूच्या माळा. बगळेगुरुजी एका पायावर उभे राहून मंत्र म्हणत होते. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. मग गव्याला वाटलं, आपल्या शिंगांनाही वाहावं. चाकूच्या शेजारी त्यानं मान खाली घालून शिंगं पाटावर टेकवली. ते पाहून महाराजांनी नखं पुढे केली. अस्वलानंही केली. रानडुकरानं सुळे दिले. गुरुजींनी सगळ्यांवर अक्षता टाकल्या आणि म्हणाले, "आता उद्या दशमीला उत्तरपूजा होईपर्यंत पुजलेलं शस्त्र जागचं हलवायचं नाही."

येसाक्काच्या काट्यांना कुणी कुंकू लावलं नाही. ते शस्त्र नव्हतंच.

तेवढ्यात टिटवी आली.

"उतारावर! अकरा जण! पाण्यात उतरलेत!"

येसाक्का मुसळाकडे धावली. गुरुजी आडवे आले. "हां हां! अक्षता पडल्यात!"

"गुरुजी, माझी सासू एकटी हाय तिथं!"

"समजतं मला. पण उत्तरपूजेशिवाय नाही हलवता येत."

"मग करा की उत्तरपूजा!"

"नैवेद्य कुठाय? पुरण अजून वाटायचंय."

येसाक्कानं महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी आपल्या नखांकडे पाहिलं. नखांवर हळदकुंकू होतं. गवा पाटावरून मान न उचलता म्हणाला, "अक्का, मी आलोच असतो हो. पण बघा ना कसा अडकलोय."

सबंध जंगल शस्त्रांच्या ढिगापुढे रिकाम्या हातांनी उभं होतं. कुणी भित्रं नव्हतं. उगीच कुणाला भित्रं म्हणू नका. फक्त रीत मोडायला पहिला हात कुणी घालायचा, एवढाच प्रश्न होता, आणि तो प्रश्न प्रत्येकानं शेजाऱ्याकडे सोपवला होता.

येसाक्कानंही रीत मोडली नाही, हेही सांगतो. पाटावरच्या मुसळाला हात लावायचं धाडस तिला झालं नाही. ती तशीच पळाली.

ती बिळाशी पोचली तेव्हा ते पाण्याबाहेर आले होते. पुढे एक चितळ, बरगड्या उघड्या पडलेलं. मागं दोन तरस, एक भेकर, ससे, आणखी कोण कोण. घाई कुणालाच नव्हती. येसाक्का बिळात शिरली आणि तिला एवढंच सुचलं की दाराकडे पाठ करावी. साळिंदराची पोरं भ्यायली की हेच करतात. तिनं पाठ केली, काटे उभे केले आणि डोळे मिटले.

आता बिळात शिरायचं तर डोकं आधी घालावं लागतं. चितळानं डोकं घातलं. येसाक्का सगळा जोर लावून मागं सरकली.

धप्प असा आवाज झाला. चितळ पडलं ते उठलं नाही. मग तरसानं डोकं घातलं. ती पुन्हा मागं सरकली. झोंबींना एकाचं पाहून दुसऱ्यानं शिकायचं ठाऊक नसतं, या बाबतीत ते आपल्यासारखेच. अकराव्यानंही तेच केलं.

"काय चाललंय गं?" आतून कोंडाबाईनं विचारलं.

"काय न्हाय. पावनं आलंते."

"चा केलास?"

दसऱ्याला जंगलात पुन्हा बैठक झाली. अकरा झोंबी कसे पडले यावर हुप्पेसरांचा अहवाल आला. केसांनी टाळकं फुटत नाही हे आधीच सिद्ध झालेलं होतं. तेव्हा निष्कर्ष उघड होता. शस्त्रांची पूजा झाली आणि त्याच घटकेला शत्रू पडला. शस्त्र न उचलताच जर एवढा परिणाम होतो तर उचलायचं कशाला? बगळेगुरुजींनी उत्तरपूजा बेमुदत पुढे ढकलली. शस्त्रं पाटांवरच राहिली. झेंडू तेवढा रोज बदलायचा असं ठरलं.

"माझं मुसळ द्या," येसाक्का म्हणाली. "कंद कुटायचं खोळंबलंय."

"अक्का, ते आता देवाचं झालं," कोल्हा म्हणाला. "पण तुमचंही कौतुक आहेच. पूजेचं फळ मिळालं तेव्हा तुम्ही जागेवर हजर होतात. महाराजांनी तुमचा सत्कार ठरवलाय. शाल आणि श्रीफळ."

येसाक्कानं मुसळाचा विषय सोडला. तिला सत्कार हवा होता. मुलांनो, यात हसण्यासारखं काही नाही. जन्मभर ती वाटेनं निघाली की लोक दोन हात लांब सरकत. लग्नातसुद्धा तिला कुणी जवळ घेतलं नव्हतं. आता तिच्या अंगावर सगळ्यांसमोर कुणीतरी शाल घालणार होतं. घरी येऊन तिनं सासूला सांगितलं.

"मला कुनी साधी पिशवी दिली न्हाय कधी," कोंडाबाई म्हणाली आणि दोन दिवस जेवली नाही.

सत्काराच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. कोल्ह्यानं येसाक्काच्या अंगावर शाल घातली. शाल तीस ठिकाणी फाटली. दुसरी आणली, तिलाही भोकं पडली. राज्यात चारच शाली होत्या.

कोल्हा डोकं खाजवत म्हणाला, "अक्का, एक विनंती होती. हे जरा कमी करता येतील का? केसच तर आहेत."

"काढायचं?"

"पुन्हा येतातच की. आणि आता भीती कसली? सरांच्या अहवालात धोका टळल्याचं स्पष्ट म्हटलंय."

येसाक्का नाही म्हणणार होती. तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात हरिणी येऊन म्हणाली, "अक्का, उद्या मी तुमच्या शेजारी बसणार हं." अक्कांच्या शेजारी बसायला आजवर कुणी मागितलं नव्हतं.

खेकडा न्हाव्यानं संध्याकाळी सगळे काटे उतरवले. खाली आरशासारखं पाणी होतं, त्यात येसाक्कानं पाहिलं. मोठ्या घुशीसारखं काहीतरी दिसत होतं. सगळे म्हणाले, फार छान दिसता.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला सत्कार सुरू झाला. स्वागताध्यक्ष बोलले. स्वागताध्यक्षांचं स्वागत करणारे बोलले. हुप्पेसर हातशस्त्रांच्या कसोट्यांवर तासभर बोलले. मग महाराजांनी येसाक्काच्या उघड्या पाठीवर शाल घातली आणि हातात नारळ दिला. टाळ्या झाल्या. शाल मऊ होती. येसाक्काला इतकं भरून आलं की तिला सासूसुद्धा आठवली, आणि आपण तिला पाठीवर घेऊन यायला हवं होतं असं वाटलं.

आणि टिटवी आली.

"उतारावर! तीसेक आहेत!"

सभेत चुळबुळ झाली. महाराज म्हणाले, "शस्त्रांना झेंडू वाहा." कोल्हा म्हणाला, "आधी आभारप्रदर्शन उरकून घेऊ." मग हळूहळू सगळ्यांनी येसाक्काकडे पाहिलं. गेल्या वेळी तिनंच केलं होतं ते मनातून सगळ्यांना ठाऊक होतं, ते असं पाहण्यावरून कळलं.

"अक्का," गवा म्हणाला, "जाताय ना?"

येसाक्का पळत सुटली. काही जणांनी टाळ्या वाजवल्या.

बिळासमोर गर्दी होती. सगळ्यांची तोंडं बिळाकडे, पाठी येसाक्काकडे. आतून कोंडाबाईचा आवाज येत होता, ती शिव्या देत होती, म्हणजे जिवंत होती. येसाक्काच्या हातात काही नव्हतं. मग तिला कळलं, आहे. तिनं नारळ दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्यात मागच्या तरसाच्या टाळक्यात घातला.

नारळ फुटला नाही. टाळकं फुटलं.

दुसऱ्याच्या घातला, तोही पडला. तिसरा वळला आणि तिच्या अंगावर आला. सवयच ती, येसाक्कानं त्याच्याकडे पाठ फिरवली आणि काटे उभे केले. काटे नव्हते. नुसती शाल होती. झोंबीनं शालीत दात रोवले आणि ओढली. शाल गेली. येसाक्का उघडी पडली आणि आता दात पाठीत बसणार म्हणून तिनं अंग चोरलं.

"येसे! खाली बस!"

बिळातून काहीतरी उलटं बाहेर येत होतं. खुळखुळ आवाज करत, गर्दी दोन्ही बाजूंना पाडत, कोंडाबाई पाठमोरी चालून येत होती. तीन वर्षांत न हललेले गुडघे, आणि त्यांवर वयानं पिवळे झालेले हातहातभर काटे. एकही कमी नाही. तिचा कधी कुणी सत्कार केलाच नव्हता.

तिनं त्या झोंबीला वाटेतच घेतलं आणि सुनेला आपल्या पोटाशी ओढलं.

"हे काय करून घेतलंस गं अंगाचं?"

"शाल बसत नव्हती," येसाक्का म्हणाली आणि रडायला लागली.

"रडती कशाला? हान की! माझ्या डाव्या अंगाला हान, तिकडचं मला दिसत न्हाय."

मग सासू मागं सरकत राहिली आणि सून तिच्या बगलेतून नारळ घालत राहिली. मध्ये दोघी भांडतही होत्या, नारळ कसा धरावा यावरून. दिवस मावळायच्या आत उतार मोकळा झाला. त्यानंतर कोंडाबाई मटकन खाली बसली आणि तिला आत नेताना येसाक्काला खरोखरच पाठीवर घ्यावं लागलं. पाठ उघडी होती, म्हणून ते जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हा आला. त्याच्याबरोबर खेकडा होता, पेटी घेऊन.

"कोंडाबाई," कोल्हा लवून म्हणाला, "महाराजांनी आपला सत्कार ठरवलाय. राज्यात एक शाल अजून शिल्लक आहे. फक्त आधी जरा..." आणि त्यानं खेकड्याकडे पाहिलं.

कोंडाबाईनं बिळाबाहेर तोंड काढलं. खेकड्याकडे पाहिलं, कोल्ह्याकडे पाहिलं.

"शाल ऱ्हाऊ दे तुमच्यापाशीच," ती म्हणाली. "नारळ असतील तर द्या लावून. पोतंभर."

तात्पर्य : अंगावर काटे जरूर असावेत, पण शाल नीट बसेल इतकेच. जास्त ठेवले तर जीव वाचतो आणि सत्कार हुकतो. जीव काय, सगळ्यांनाच असतो; शाल एखाद्यालाच मिळते.